मामीनं निवडलेली जीप
जुन्या जीपचा डिझेल-धुळीचा वास आला, की मला गोदावरीच्या कोरड्या पात्रात उभी असलेली मामी दिसते. ती घनसावंगीकडं नर्स होती. नदीपलीकडच्या वस्तीवरच्या बाळंतिणी वाळूतून दवाखान्यात आणायला तिला स्वस्तातली, चारही चाकं ओढणारी जुनी जीप हवी होती. विकणाऱ्याकडं दोन होत्या. मामा लाल सीटच्या चकचकीत जीपवर भाळला. ‘‘सिस्टर, बिलकुल नवरी हाय!’’ विकणारा म्हणाला. ‘‘मंग नवरीला वाळूत चालवून दाखवा. ती दुसरी पण आणा,’’ मामी म्हणाली. वाळूत विकणाऱ्यानं फोर-व्हीलचा दांडा ओढला, इंजिन डरकाळलं अन् नवरी जागीच रुतली. पांढऱ्याशुभ्र साडीनिशी मामी उकिडवी बसून खाली डोकावली. ‘‘भाऊ, पुढची चाकं फिरून न्हाई राह्यली! डिझेल वाचवायला पुढच्या चाकांना फिरवणारा शाफ्टच काढला न्हवं?’’ त्याची मान खाली गेली. रंग उडालेल्या, दार नसलेल्या दुसऱ्या खटाऱ्यानंच नवरीला दोरानं बाहेर ओढलं. मामीनं खटारा घेतला, अन् त्याच आठवड्यात एक अडलेली बाळंतीण वेळेत पोचली. आजही गाडी घ्यायला मी पंचाहत्तरीतल्या मामीला सोबत नेतो. तिनं नुसता चष्मा पुसायला घेतला, तरी विकणारे आपणहून खोट सांगून टाकतात.