देवीने मागितलेलं पोर

माझी थोरली बहीण टोकावड्याकडे दिलेली. बाळंतपणानंतर तिच्या दोन्ही गालांवर आणि नाकावर तांबडा चट्टा उठला, बोटांचे सांधे सुजले. सासूने हा महारोगच ठरवला. सहा महिन्यांचं पोर ठेवून घेतलं आणि हिला आमच्या दारात आणून सोडलं. आमचा गावही काही कमी नव्हता. विहिरीवर मी दिसले की बायका आपापल्या कळश्या बाजूला ओढत. बहिणीचं मात्र एकच पालुपद, माझं पोर कधी आणाल?

उन्हाने अंगातला दोष जळेल, असं आईला वाटे. म्हणून ती तिला दिवसभर खळ्यावर भाताच्या राखणीला बसवी. चट्टा लालभडक होई, ताप चढे, तरी आम्ही तिला तिथेच बसवत राहिलो. पुढे माझ्या नातीला तसाच चट्टा उठला, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "ल्युपस आहे. मेंदूपर्यंत गेला तर झटके येतात, भ्रम होतो. उन्हापासून जपा." घरी येऊन मी आईच्या नावाने बोटं मोडली आणि मग स्वतःच्या.

पौषात, म्हशाच्या जत्रेच्या सुमारास, एका दुपारी बहीण खळ्यावरच ताठ झाली. डोळे फिरले, हातपाय आचके देऊ लागले. शुद्धीवर आली ती तिथे नसलेल्या माणसांशी बोलतच. आईने गावच्या भगताला बोलावलं. त्याने नारळ फोडला. "ह्यो म्हारोग नाय. देवी आलीय. तोंडाला कुकू तिनंच माखलंय."

झालं! परवापर्यंत नाकं मुरडणाऱ्या बायका ओटी भरायला आल्या. विहीर आम्हाला मोकळी झाली. आई कित्येक दिवसांनी हसली.

सासूही पाया पडायला आली, पोर कडेवर घेऊन. बहिणीने हात पसरले. "माजं पोर द्या गो."

"देवी पोर मागते!" भगत ओरडला. सासूने पोर पदराखाली झाकलं.

बहिणीने जिभेने टकटक केलं. पोराला हसवायला ती नेहमी तसंच करायची. पदराखाली पोर खुदकन हसलं. त्या क्षणी ती देवी नव्हती, माझी बहीण होती, आणि ते मला कळलं होतं. मी चौदा वर्षांची होते, मला बोलता आलं असतं. पण मला विहीर आठवली.

"पोराच्या बदली कोंबडा घे, आये," म्हणत भगताने तिच्या पसरलेल्या हातांत कोंबडा ठेवला. सासू पोर घेऊन उठली.

पाचव्या दिवशी बहिणीला पुन्हा झटका आला, त्यातच ती गेली. तोवर मी रोज पाणी आणत होते, आणि कुणी कळशी ओढत नव्हतं.