लाडू नियमात बसतात का?

नियमावली वाचताना ज्याचे डोळे पाणावतात असा माणूस अख्ख्या आखातात एकच आहे, आणि देवाने तो नेमका माझा साडू म्हणून दिला. लोकांचे साडू जमिनीचे भाव सांगतात, ब्लडप्रेशरच्या गोळ्या सांगतात, फार तर लग्नात गाणं म्हणतात. आमचे साडूभाऊ अमेरिकेतली कॉलेजं खेळाडू कसे भरती करतात त्याचे नियम सांगतात, तेही कुणी न विचारता. दम्मामला आम्ही एकाच कंपाउंडमध्ये समोरासमोर राहतो, त्यामुळे मला पळायलाही जागा नाही. मी एका कंपनीत पंप बघतो, ते दुसऱ्या कंपनीत सेफ्टी बघतात. सेफ्टीचा माणूस म्हणजे परमिटवर सही झाल्याशिवाय नटाला पाना लावू न देणारा. हा गुण ऑफिसात ठेवून घरी यायला त्यांना कधी जमलं नाही. घरात बल्ब बदलायचा तरी आधी मेन स्विच बंद, मग त्यावर पाटी, मग स्टुलाची तपासणी. तोवर आक्का, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, अंधारातच कणीक मळून मोकळी होते.

या सगळ्याला कारण सई, त्यांची एकुलती एक लेक. ही पोर कंपाउंडच्या पूलमध्ये बायकांच्या वेळेत पोहायला लागली आणि बघता बघता सगळ्यांना मागे टाकू लागली. आता आखातात मुलं आपली असतात ती बारावीपर्यंत. मग ज्याची त्याची बॅग भरायची आणि विमानतळावर उभं राहायचं, ही इथली रीतच आहे. सई पुण्याला गेली असती तर इंजिनिअरिंगच्या रगाड्यात तिचं पोहणं सुटलं असतं, हे ती जाणून होती आणि त्या धास्तीने रडायचीसुद्धा. अमेरिकेत पोहण्यावर शिष्यवृत्ती मिळते असं कुणीतरी सांगितलं. तिथली फी साडूभाऊंच्या आवाक्याबाहेरची होती. म्हणजे शिष्यवृत्ती मिळाली तर पोहणं चालू, नाही मिळाली तर खलास. त्या दिवशी साडूभाऊंनी चष्मा पुसून नियम वाचायला घेतले आणि आमच्या कंपाउंडची साडेसाती सुरू झाली.

पहिला झटका बसला तो कंपाउंडच्या आतल्या आत बसवलेल्या आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत. खेळांच्या स्पर्धा होत्या, पोहण्यात सई पहिली आली. बक्षीस परकारभाईंकडून. परकारभाई मूळचे रत्नागिरीचे, इथे त्यांचं घरगुती विजेच्या सामानाचं दुकान आहे आणि हात सढळ. त्यांनी स्टेजवर मिक्सर आणला, मागे दुकानाचं बॅनर लावलं, फोटोग्राफर सरसावला. एवढ्यात साडूभाऊ तिसऱ्या रांगेतून हात वर करून धावत आले. "थांबा! हा मिक्सर घेतला तर माझी मुलगी व्यावसायिक खेळाडू ठरेल!" परकारभाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. म्हणाले, "अहो साहेब, मिक्सरच हाय ना? बंगला थोडाच देतोय मी!" साडूभाऊ म्हणाले, "प्रश्न किमतीचा नाही, शिष्यवृत्तीच्या पात्रतेचा आहे. आणि ते बॅनर म्हणजे जाहिरात." शेवटी सईला झेंडूचा हार घातला, तोही साडूभाऊंनी फुलं खरी आहेत ना हे बघून मगच घालू दिला. आक्का मात्र त्या मिक्सरकडेच बघत राहिली. तिचा घरचा मिक्सर चटणी वाटताना ट्रकसारखा ओरडायचा. मी म्हटलं, "अहो, आता अमेरिकेत नियम सैल झालेत म्हणे, पोरं जाहिराती करून कमावतात." त्यावर कीव आल्यासारखं बघून ते म्हणाले, "सैल झाले ते तिथल्या पोरांना. परदेशी पोरांच्या मागे व्हिसा असतो, त्यावर कमाई चालत नाही. इथे इकाम्याच्या परवान्यावर आयुष्य काढलंत, आणि एवढं कळू नये?"

दुसरं म्हणजे ती तारीख. दहावीनंतरच्या उन्हाळ्यात एक ठरावीक दिवस येतो, त्याआधी कॉलेजच्या कोचने मुलांना फोन करायचा नाही. साडूभाऊंनी तो दिवस लग्नाच्या मुहूर्तासारखा साजरा केला. सकाळी आंघोळ, इस्त्रीचा शर्ट, समोर फोन. अमेरिका तेव्हा घोरत पडलेली असते हे त्यांना पक्कं माहीत होतं, पण तारीख लागली म्हणजे लागली. मला यातलं काही ठाऊक नव्हतं. माझा एसी बंद पडला म्हणून मेंटेनन्सवाल्याचा नंबर विचारायला मी फोन केला, तर पहिल्या रिंगला पलीकडून आवाज आला, "गुड मॉर्निंग, कोच!" मी म्हटलं, "साडूभाऊ, मी आहे. एसी गेलाय." ते इतके चिडले की आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. मधून मधून असाही काळ येतो की कोचने कुणाला भेटायचंच नाही. त्याला साडूभाऊ 'सुतक' म्हणतात. "सध्या सुतक आहे, पंधरवड्याने फिटेल," असं ते चारचौघांत म्हणायचे आणि ऐकणारे बिचारे तोंड पाडून कोण गेलं म्हणून विचारायचे. पोहण्याच्या जोरावर ज्या कॉलेजात जायचं तिथे शाळेतल्या पी.टी.चे मार्क धरत नाहीत, हेही त्यांनीच शोधून काढलं, आणि सईच्या पी.टी.च्या बाईंना ते तोंडावर सांगून त्यांचा कायमचा रोष ओढवून घेतला.

होता होता बारावीच्या वर्षी बहरीनला मोठी स्पर्धा लागली. तिथे एक अमेरिकन कोच मुली बघायला येणार होती, आणि सईला चारच दिवस आधी तिचं पत्र आलं होतं. दुसऱ्या कुणाचं आलं नव्हतं. आम्ही सगळे समुद्रावरच्या लांब पुलावरून पलीकडे गेलो. साडूभाऊंनी गाडीतच बजावलं, "स्पर्धा संपेपर्यंत कोचशी बोलायचं नाही. बघायचं नाही. तिने नमस्कार केला तर आपणही नमस्कार करायचा आणि पुढे चालायचं." स्वतः तर तासभर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. लोकांना वाटलं माणूस शिक्षा भोगतोय. सई छान पोहली. आम्ही आनंदाने परत निघालो आणि पुलावरच आक्का म्हणाली, "ती उंच बाई मात्र गोड हो. बिचारी सकाळपासून उन्हात एकटी, पोटात काही नाही. मी तिला आपले दोन बेसनाचे लाडू दिले. आवडीने खाल्ले तिने." साडूभाऊंनी विचारलं, "कोण उंच बाई?" आक्का म्हणाली, "टोपीवाली. कुणाचीतरी आई असेल." मागच्या सीटवरून सई किंचाळली, "आई! दॅट वॉज द कोच!"

घरी येऊन साडूभाऊंनी लॅपटॉप उघडला. म्हणाले, "आपण स्वतःहून कळवायचं." मी म्हटलं, "वेड लागलंय का? घरी आलेल्याला आपण पाण्याबरोबर गूळ देतो, त्यातलंच हे. कुणाला कळणारेय?" सई हात जोडून म्हणाली, "बाबा, प्लीज, डोन्ट सेंड इट. शी इज द ओन्ली वन." आक्का तर स्वयंपाकघरात डोळ्याला पदर लावून बसली होती, लेकीचं नशीब आपण लाडवांत घालवलं म्हणून. साडूभाऊ म्हणाले, "सई, हे लपवून गेलीस तर तिथे रोज पोहताना मागे बघशील. मला तशी पोहलेली चालणार नाही." आणि त्यांनी कॉलेजच्या नियम बघणाऱ्या ऑफिसला सविस्तर पत्र पाठवलं. लाडू दोन, पदार्थ बेसन, तूप, साखर, हेतू भूक. मला त्या दिवशी त्यांचा राग आला, मनापासून आला. पोरीच्या तोंडचा घास काढून घेणारा कसला हा बाप, असं मी माझ्या बायकोजवळ बोललोसुद्धा.

उत्तर येईपर्यंत त्या घरात कुकरची शिट्टीसुद्धा दबक्या आवाजात व्हायची. सई पूलवर जायची थांबली. साडूभाऊ रोज ऑफिसहून आले की माझ्याकडे येऊन चहा पिता पिता मेल आली का ते दहादा बघायचे. तेव्हा कळलं, ते पत्र पाठवणं त्यांनाही सोपं गेलं नसणार. मग उत्तर आलं. खाऊ दिल्याने काही बिघडत नाही, पण स्वतःहून कळवल्याबद्दल आभार, आणि पत्र कोचला दाखवलं आहे. रीतसर वेळ आली तेव्हा कोचचा फोन आला. तिने आधी सईचं टर्निंग सुधारायला सांगितलं, शिष्यवृत्ती देते म्हणाली, आणि मग तो पिवळा गोळा कसा करतात ते विचारलं. आक्काने त्या दिवशी मला, माझ्या बायकोला आणि वॉचमनला लाडू वाटले. साडूभाऊंनी वॉचमनला वाटण्यावर हरकत घेतली नाही.

सई ऑगस्टात गेली. दुसऱ्याच आठवड्यात परकारभाई मिक्सर घेऊन हजर. "आता तर पोरगी पोचली, आता तरी घ्या वहिनी." साडूभाऊंनी दारातूनच परत पाठवला. "आता तर मुळीच नाही. कॉलेज संपेपर्यंत नियम लागू."

परवा शुक्रवारी संध्याकाळी पूलवर गेलो, तर साडूभाऊ काठावर बूट घालून बसलेले. त्यांना स्वतःला पोहता येत नाही, पण सई पोहायची तेव्हा ते याच खुर्चीवर असायचे. पाणी रिकामं होतं. हातात फोन होता. मी म्हटलं, "काय, सुतक का?" ते हसले नाहीत. म्हणाले, "कोचने किती वेळा फोन करावा, कधी करू नये, सगळं लिहिलंय हो. आईबापांनी किती करावा ते कुठेच नाही. सगळं शोधलं मी." मी म्हटलं, "साडूभाऊ, नियम नाही म्हणजे हवा तितका करा." त्यांनी मान हलवली. "तिला त्रास नको. नियम नसेल तिथे माणसाने जपून राहावं." मग फोन माझ्यापुढे धरला. "तुम्ही लावा. तुम्ही काका आहात, तुमचं चालतं."

मी लावला. तिकडे सकाळ होती. सईने उचलला आणि "हाय काका" म्हणाली, तेवढ्यात साडूभाऊंनी माझ्या हातातून फोन जवळजवळ हिसकावूनच घेतला. बरंच काही विचारायचं असावं त्यांना. शेवटी एकच विचारलं.

"जेवलीस?"