अमावास्येची सुट्टी

वाडीच्या मारोतरावांच्या घरून अमावास्येला ट्रक बाहेर पडत नाही. पहिली गाडी घेतली तेव्हापासूनची ही शिस्त. त्या दिवशी गाडी धुवायची, लिंबू-मिरची बदलायची, हार घालायचा आणि दिवसभर आवारात उभी ठेवायची. गाडी उभी म्हणजे मालक मोकळा, ड्रायव्हर मोकळा, हमालही मोकळे, आणि सगळे जेवायला इथेच. मग या सगळ्यांची पंगत कुणाच्या जिवावर? सुनेच्या, मयुराच्या.

मयुरा भिवापूरची. लग्न होऊन आली तशी दर अमावास्येला कढईभर रस्सा आणि टोपलंभर पोळ्या करत आली. तिला बसून जेवताना कुणी पाहिलं नाही, कारण कुणी पाहतच नव्हतं. शेवटी कंबर गेली. डॉक्टरांनी आराम सांगितला. सांगायला काय जातं!

शेजारणीच्या नादाने ती समाजमंदिरातल्या नूपुर मॅडमच्या योगवर्गाला जाऊ लागली. मॅडम चंद्राच्या कलेने शिकवत. चंद्र वाढेल तशी आसनं वाढवायची, पौर्णिमेला चंद्रनमस्कार, मग कमी करत करत अमावास्येला पूर्ण विश्रांती. तिथून शरीर नव्याने सुरू होतं. मयुराने ते मनावर घेतलं. त्या पौर्णिमेला खाली पडलेला चमचा तिने न कण्हता उचलला आणि ओट्याला धरून रडली. मग अमावास्या आली, पंगत बसली, आणि संध्याकाळी तिला पलंगावरून उठवेना. महिन्याची मेहनत एका दुपारी पाण्यात गेली.

पुढच्या खेपेला तिने आधीच सांगून ठेवलं, अमावास्येला मी काही करणार नाही. सासूबाई रंभाबाई म्हणाल्या, अवसेला धडधाकट बाईने लोळणं बरं दिसत नाही. नवरा मोहित हसला आणि म्हणाला, पौर्णिमेला घे सुट्टी. पौर्णिमेला घरात सत्यनारायण असतो, हे त्याला ठाऊक नव्हतं थोडंच! मयुराच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

अमावास्येला सकाळी ओमप्रकाश ड्रायव्हरने गाडीला हार घातला. मयुरा चटई घेऊन आली, मागच्या फळीवर पाय देत ट्रकच्या हौद्यात चढली आणि शवासनात पडली. चूल थंड होती. माणसं आवारात येऊन बसू लागली. मोहित धावत आला.

"उतर वं खाली. लोक पाहून राहिले."

"पाहू द्या." तिने डोळे उघडले नाहीत. आवाज मात्र आवारभर गेला. "गाडीले आज आराम, वरून हार बी. अन् मी रांधू? मी काय या लोखंडापेक्षा गयीगुजरी आहो?"

मोहितने बापाकडे पाहिलं. सुनेसमोर मारोतरावांचा आवाज कधी पडला नव्हता, पण आज शिस्त त्यांचीच होती. ते गाडीचा हार सारखा करू लागले. रंभाबाई तेवढ्या म्हणाल्या, एवढ्या माणसांनी खायचं काय?

"तुमच्या पोरालेच विचारा," मयुरा म्हणाली. "उद्या या गाडीचं चाक फिरन, तवाच मी उठीन."