डोहाळजेवण आणि दोन थंडगार सेल

कॅमेऱ्याचे सेल फ्रिजमध्ये मीच ठेवले होते, आणि तेही वाटीत, हे आधीच कबूल केलेलं बरं.

त्याचं मूळ माझ्या लेकीच्या, सुजाताच्या, साखरपुड्यात आहे. चारचौघांत मला बोलायला सुचत नाही. हातात कॅमेरा असला की बोलावं लागत नाही, म्हणून तो मी मागून घेतला. फोटो काढायचा, बायकांना स्क्रीनवर दाखवायचा, त्यांनी "अगं बाई, मी किती जाड दिसते!" म्हणायचं, की पुन्हा काढायचा. जावयांनी, म्हणजे नितीनरावांनी, अंगठी उचलली आणि कॅमेऱ्याने डोळे मिटले. बॅटरी संपली! अंगठीचा एकही फोटो नाही. जिलेब्यांचे अकरा आहेत.

तो डाग मला धुऊन काढायचा होता. सुजाताचं डोहाळजेवण ठरलं तेव्हा नितीनराव जहाजावर होते. तिथे ते स्वयंपाकी आहेत, आणि बाळ झाल्यावरच परतणार होते. त्यांचा फोन आला.

"आई, मला तिला फुलांच्या दागिन्यांत बघायचंय हो. एवढं कराच."

"ह्या वेळी बॅटरी संपणार नाही," मी म्हटलं. इतक्या ठामपणे मी माझ्या लग्नात नावसुद्धा घेतलं नव्हतं.

उपाय त्यांनीच सांगितले. स्क्रीन सगळी बॅटरी खाते, ती बंद ठेवा. वर काचेची बारीक खिडकी आहे, तिच्यातून बघून फोटो काढा. काढलेला फोटो बघत बसू नका. फ्लॅश नको. शेजारच्या सावंतकाकूंनी वर फोडणी घातली, "आणि सेल फ्रिजमध्ये ठेव गं, महिनाभर टिकतात!" मी सगळं पाढ्यांसारखं पाठ केलं. आदल्या दिवशी सेल चार्ज केले, पिशवीत गुंडाळले, स्टीलच्या वाटीत ठेवले आणि वर दुसरी वाटी झाकली.

आमचे हे मालवणकडचे. फ्रिज उघडून म्हणाले, "अगो, आता त्यांका पांघरूणय घाल!"

दुसऱ्या दिवशी चारकोपच्या आमच्या दोन खोल्यांत वीस-पंचवीस बायका जमल्या. हिरवी साडी, डोक्यावर मोगऱ्याचा मुकुट, गळ्यात, दंडात फुलं. पोरगी अशी गोड दिसत होती, की माझेच डोळे भरून आले. फ्लॅश नको म्हणून मी तिची खुर्ची खिडकीपाशी ओढली.

"वहिनी, पोरीला बसवतेस की पापड वाळत घालतेस?" वन्सं म्हणाल्या. ह्या माझ्या थोरल्या नणंदबाई. घरातला कुठलाही कार्यक्रम त्याच चालवतात. (आम्ही फक्त चालतो.)

ओटी भरायच्या आधी सेल आणावेत म्हणून मी स्वयंपाकघरात गेले. फ्रिजमधली वाटी उघडली, तर आत बर्फी! माझ्या सेलांची बर्फी कशी झाली, हे माझ्या टाळक्यात शिरेना. मी दूध बाहेर काढलं, चटणी काढली, कोथिंबीर काढली. सेल नाहीत!

बाहेर पेढा-बर्फीचा खेळ सुरू झाला होता. दोन झाकलेल्या वाट्या समोर ठेवायच्या. पोरीने एक उघडायची. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. वन्संनी त्या वाट्या सकाळीच फ्रिजमध्ये ठेवल्या होत्या, आणि आमच्या घरात सगळ्या वाट्या एकाच सेटच्या!

"उघड गं, उघड!" बायका ओरडल्या.

"आई!" सुजाताची हाक आली. "हे काय गं?"

मी दारात आले. एका हातात बर्फी, दुसऱ्या हातात कोथिंबीर. सुजाताने उघडलेल्या वाटीत पिशवीत गुंडाळलेले दोन सेल!

"जुळं गं बाई, जुळं!" सावंतकाकू किंचाळल्या.

"आणि चार्जिंग करूनच येतायत!" वन्सं म्हणाल्या.

बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. मी मान खाली घालून सेल पुसले, कॅमेऱ्यात घातले. कॅमेरा ढिम्म!

"बर्फ झालेत ते. ऊब दे त्यांना," सावंतकाकू म्हणाल्या.

"कुठे देऊ?"

"काखेत धर की!"

काय करणार? जावयांना शब्द दिला होता. पंचवीस बायकांच्या देखत मी दोन्ही काखांत एकेक सेल धरून, अंड्यांवर कोंबडी बसावी तशी भिंतीला टेकून बसले. बायका डोहाळ्यांची गाणी म्हणत होत्या आणि दर कडव्याला वन्सं विचारत होत्या, "फुटली का गं अंडी?"

तिसऱ्या गाण्याला सेल परत कॅमेऱ्यात घातले आणि हिरवा दिवा लागला! मग मी थांबलेच नाही. ओटी, औक्षण, मुकुट, हसणं, लाजणं. खोली लहान, म्हणून अगदी जवळ जाऊन, त्या बारीक खिडकीला डोळा लावून.

"अगं, एकदा स्क्रीन लावून बघ तरी काय येतंय!" वन्सं म्हणाल्या.

"नाही म्हणजे नाही! बॅटरी जाते!" मी ओरडले. (वन्संना मी आयुष्यात प्रथमच नाही म्हटलं. त्या खालीच बसल्या.)

संध्याकाळपर्यंत हिरवा दिवा जळत होता. माझ्या मुलाने, महेशने, ऑफिसातून सगळे फोटो न बघताच पाठवून दिले. चार दिवसांनी नितीनरावांचा फोन आला.

"आई, फोटो मिळाले. एकशे चाळीस!"

"बॅटरी टिकली की नाही?"

"टिकली. पण आई... डोकी कुठायत?"

"कुणाची?"

"सगळ्यांची. गळ्यापासून खाली झकास आलंय सगळं. सुजाताला मी पोटावरून ओळखलं."

ती खिडकी भिंगाच्या वर असते, त्यामुळे जवळून फोटो काढला की कॅमेऱ्याला आपल्यापेक्षा खालचं दिसतं, हे त्यांनी मला तेव्हा समजावलं. मी हार मानणार होते थोडीच! दुसऱ्या दिवशी पुन्हा मोगरा आणला, मुकुट केला, सुजाताला पुन्हा हिरवी साडी नेसवून खुर्चीत बसवलं.

"आई, आता तरी स्क्रीन लाव गं!" ती कळवळून म्हणाली.

"काही गरज नाही. मी वर नेम धरते." आणि नेम धरून तीस फोटो काढले.

रविवारी फोन आला. "आई, ह्या वेळी चेहरा आलाय! मुकुट, हसू, सगळं आलंय!" नितीनरावांचा आवाज भरून आला होता. माझाही आला.

"फक्त ह्यात पोट नाही," ते पुढे म्हणाले. "पण काळजी करू नका. खालची सुजाता माझ्याकडे आहेच. दोन्ही जोडून घेतो."

"जोडता कशाला? आणखी काढते की," मी म्हटलं. "बॅटरी अजून भरपूर आहे!"