पाचवा स्पेसर

आमच्या वजनकाट्यांच्या कारखान्यात तिला सगळे टेकूबाई म्हणत. कुणाचं टेबल डुगडुगलं की ही पुठ्ठ्याची घडी घेऊन हजर. नवरा गेल्यावर जुळणीच्या टेबलाशी बसली, त्याला बावीस वर्षं झाली. तिच्या हातचा एकही काटा परत आला नव्हता. हे ती स्वतः कधी सांगत नसे. मालक सांगत, आणि ऐकून आमचे कान किटत.

काम सांगायला सोपं. पत्र्याच्या पेटीत पितळेचे चार स्पेसर, म्हणजे टेकू, बसवायचे, एकेक बोटाच्या पेराहून लहान. त्यांवर सर्किटचा बोर्ड ठेवून स्क्रू आवळायचे. बोर्डाखालचा सोल्डरचा टाका धातूला टेकला की काटा मेला, म्हणून हा खटाटोप. टेकूबाई मधोमध पाचवा स्पेसर बसवायची. नकाशात चारच होते. "बटण दाबलं की बिचारा मधे वाकतो," असं तिचं म्हणणं. बोर्डाची इतकी काळजी तो बनवणाऱ्यानेही केली नसेल.

शेजारच्या टेबलावर तिची सून सोल्डरिंग करायची. दोघी एकाच डब्यातून जेवायच्या आणि दिवसभरात मोजून चार वाक्यं बोलायच्या.

तर नव्या नमुन्याचे बोर्ड आले आणि काटे बंद पडू लागले. बोर्ड टेबलावर ठणठणीत, पेटीत घातला की गार. तपासनीस मी. अक्कल पाजळून लिहून दिलं, की टाके कच्चे आहेत, स्क्रू आवळताच सुटतात. टाके सुनेचे. बावीस वर्षांच्या हातावर संशय घ्यायची माझी छाती झाली नाही, याची मला आजही लाज वाटते. मालक म्हणाले, शनिवारपर्यंत सुधारलं नाही तर सुनेने घरी बसावं. तिने टाके दुसऱ्यांदा घातले, तिसऱ्यांदा घातले. तोंडातून चकार शब्द नाही.

शुक्रवारी टेकूबाईने एक बंद काटा उघडला आणि बोर्ड उलटा करून पाहत बसली. जुन्या बोर्डाखाली मधे मोकळी जागा असायची. नव्याच्या तिथेच टाक्यांची रांग होती, आणि तिच्यावर पितळेचा ओरखडा. तिने पाचवा स्पेसर काढला, पेटी बंद केली, बटण दाबलं. काटा निमूट चालू झाला.

ती उठली आणि तिने तो स्पेसर मालकांच्या टेबलावर ठेवला. "पोरीचा काही दोष नाही. हा माझा उपद्व्याप. घरी बसायचं तर मी बसते."

मालकांनी स्पेसर उचलून बोटांत फिरवला. मग म्हणाले, "उद्या दोघीही कामावर या." माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. बरंच झालं.

टेकूबाई सुनेपाशी येऊन उभी राहिली. "चुकलं माझं."

"मला सोमवारीच दिसलं होतं, आई."

"मग तोंड का शिवून बसलीस?"

सुनेने हातातलं काम बाजूला ठेवलं. "मला काय, दुसरीकडे कुठेही काम मिळालं असतं. तुमची बावीस वर्षं कुठून आणणार होते मी?"