बांगडीएवढं वर्तुळ

साजिदभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यांच्याच जखमेतल्या पुवाची दुसरी प्लेट उघडत होते. त्यांच्या पत्नी शबानाभाभी एवढंच म्हणाल्या, "ताई, अब रहने दो." आता ती प्लेट बघून काही उपयोग नव्हता, तरी बघितली. सवय... महिना उलटून गेला, अजून राग जात नाही. कुणावरचा, तेही नीट सांगता येत नाही.

क्रांती चौकाजवळच्या आमच्या लहानशा लॅबमध्ये आम्ही कित्येक वर्षं शेजारी शेजारी उभं राहून काम केलं. रुग्णाच्या नमुन्यातले जंतू बशीएवढ्या प्लेटवर वाढवायचे आणि त्यांच्यावर वेगवेगळ्या औषधांत भिजवलेल्या कागदी टिकल्या ठेवायच्या. जे औषध चालतं त्याच्या टिकलीभोवती जंतू मरतात आणि स्वच्छ वर्तुळ पडतं. वर्तुळ नसेल, तर ते औषध त्या जंतूला पाण्यासारखं. ही वर्तुळं लहान होत चाललेली आम्ही दोघंही बघत होतो. माझी चिडचिड लॅबमध्येच संपायची. साजिदभाई मात्र रविवारी मोटरसायकल काढून करमाडला जायला लागले, कारण तिथल्या बऱ्याच बायका पोरांना घेऊन आमच्याकडे यायच्या.

पहिल्यांदा मीही गेले होते. बचत गटाच्या कमलबाईंच्या अंगणात ते भाषणाला उभे राहिले आणि बायका जांभया द्यायला लागल्या. तेव्हा या माणसानं सरळ रांगोळीचा डबा मागितला. ठिपके काढले, एकेक ठिपका म्हणजे एकेक औषध. मग चुलीपुढची ताटली मागून घेतली आणि ती टेकवून एका ठिपक्याभोवती वर्तुळ ओढलं. इतकं वाकडं की कमलबाई तोंडाला पदर लावून हसल्या. "ऱ्हाऊ द्या भाऊ, म्या काढते," म्हणत त्यांनी चिमूट हातात घेतली, तशा सगळ्याच जवळ सरकल्या. त्या हसण्याच्या भरातच एकीनं सांगितलं, बरं वाटलं की उरलेल्या गोळ्या डब्यात जातात, शेजारी कुणाला ताप आला की त्याला देतो, आणि लई जुन्या झाल्या की कोंबड्यांच्या पाण्यात. "वाया कशाला घालायच्या?" साजिदभाईंचं हसणं थांबलं. अशा अर्धवट डोसांनीच तर जंतू औषधाला सरावतात. परतताना जालना रोडवर म्हणाले, "ताई, यांना रागवायचं तरी कसं? ही काटकसर आहे हो."

मग दर वर्षी ते करमाडच्या नाल्याचं पाणी, कोंबड्यांची विष्ठा आणून तपासायचे आणि निकाल त्याच अंगणात रांगोळीनं दाखवायचे. वर्तुळाला आधी ताटली लागायची, पुढे वाटी पुरायला लागली. शेवटच्या खेपेला कमलबाईंनी हातातली बांगडी उतरवून दिली. घरोघरचे डबे रिकामे झाले होते, कोंबड्यांच्या गोळ्या बंद झाल्या होत्या, तरी वर्तुळ लहानच. "मंग आमचं काय चुकलं, भाऊ?"

"तुमचं नाही, मावशी. नाला लांबून येतो, वरच्या सगळ्यांच्या गोळ्या घेऊन."

त्याच दिवशी परतताना त्यांची गाडी घसरली. पायाला जखम, दवाखाना, मग ताप. नमुना आमच्याकडेच आला, टिकल्या मीच ठेवल्या. सकाळी झाकण उचललं तर प्लेटभर जंतूंची साय. एकाच टिकलीभोवती पुसटशी कड, तिला वर्तुळ म्हणवत नव्हतं. ते औषध देऊन बघितलं. ताप हटला नाही आणि मूत्रपिंडं तेवढी बसली.

अतिदक्षता विभागात त्यांनी प्लेटचा फोटो मागितला. मी टाळाटाळ केली, पण त्यांना फसवणार कसं? मोबाइल डोळ्यांसमोर धरला. बराच वेळ बघून म्हणाले, "बांगडीसुद्धा बसत नाही हो..." आणि थोड्या वेळानं, "आता करमाडला हीच प्लेट काढा. माझी आहे म्हणून सांगा."

गेल्या रविवारी गेले. कमलबाईंनी अंगण सारवून ठेवलं होतं. मी ठिपके काढले आणि ही साजिदभाईंची प्लेट आहे असं सांगितलं. कमलबाईंनी बांगडी उतरवून माझ्या हातात दिली.

"नाही लागत, मावशी."

कमलबाईंनी एकेका ठिपक्यावरून बोट फिरवलं. "एकालाबी नाय?"

"नाही."

मी बांगडी परत करू लागले तर त्यांनी माझी मूठ मिटली. "ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी. पुढल्या खेपेला लागंल."

ती आता लॅबमध्ये, साजिदभाई उभे राहायचे तिथल्या खिळ्याला टांगली आहे. ती लागेल असं मला वाटत नाही. काढून ठेवायचा धीरही होत नाही.