रोल नंबर एकवीस

माझ्या दादाला काम करताना कुणी पाहिलं, तर हा माणूस मुका आहे असंच वाटेल. ओठांत बारीक खिळे, कानामागे पेन्सिल, हातात काच कापायची हिरकणी. काचेवर एकच रेघ ओढतो, टेबलाच्या कडेवर हलकासा दाब देतो, आणि काच हवी तिथेच तुटते. गिऱ्हाईक बडबडत असलं की तो मान हलवतो. ती मान हो म्हणते की नाही, हे अजून कुणालाही छातीठोकपणे सांगता आलेलं नाही. वहिनी म्हणते, "मला बघायला आले तेव्हासुद्धा अशीच हलवली होती. मी आपलं हो धरलं."

गल्लीत त्याला काचवाला म्हणतात. त्याच्या मुलीला आम्ही घरात रेडिओ म्हणतो. ते नाव मी ठेवलं, कारण त्रास मला. मी तिची आत्या, त्यांच्याच घरात राहते. खिडकीपाशी मशीन मांडून लोकांचे उसवलेले कपडे शिवते आणि दिवसभर हा रेडिओ माझ्या कानाशी वाजत असतो. पण दाराबाहेर पाऊल पडलं की बंद. दुकानदार, शेजारीण, डॉक्टर, कुणीही काहीही विचारो, पोरगी चपलेकडे बघत उभी राहते. मग दादा तिच्या वतीने उत्तर देतो. घुम्या माणसाला दुसऱ्याच्या वाटचं बोलावं लागणं ही त्याच्या नशिबातली थट्टाच म्हणायची.

गल्लीच्या टोकाला सरकारी शाळा होती. तिथल्या बाईंनी तिला कधी बोलतं करायचा प्रयत्न केला नाही. नुसतं बसू दिलं. हजेरी त्या नंबराने घ्यायच्या, आणि एके दिवशी एकवीस म्हटल्यावर बारीक आवाजात "हजर" आलं. बाईंनी मान वर केली नाही, पुढचा नंबर घेतला. हे त्यांनीच मला नंतर सांगितलं. "मी बघितलं असतं तर ती परत बोलली नसती," म्हणाल्या.

घरी आली की ती कपडे वाळत घालायचे चिमटे जमिनीवर ओळीने उभे करायची. चाळीस मुलं, चाळीस चिमटे. एकपासून हजेरी व्हायची, प्रत्येकाचा आवाज वेगळा. कुणी नाकात बोलणारा, कुणी पेंगुळलेला, कुणी नुसताच ओरडणारा. एकवीस आला की ती स्वतःच्या आवाजात "हजर" म्हणायची. वहिनी ओरडायची, "अगं, माझे कपडे बादलीत पडलेत, चिमटे दे!" रेडिओ म्हणायची, "थांब आई, अजून बत्तीस नंबरपर्यंतच झालंय."

मग सरकारी शाळांचा पट कमी आहे असं निघालं. पालकांना वर्गात बोलावलं. एक साहेब आले होते, छान बोलले. ही शाळा बंद करून तिच्यावर होणारा खर्च आता थेट तुमच्या खात्यात जमा होईल, म्हणाले. मूल तुमचं, निवड तुमची. कोणत्याही शाळेत घाला. टाळ्या पडल्या. मलाही ते वाईट वाटलं नाही. इतकी वर्षं आम्हाला कुणी काही निवडायला सांगितलं नव्हतं. दादा खिडकीकडे बघत होता. तिथली तडकलेली काच त्यानेच आठवड्यापूर्वी बदलली होती.

"पुट्टी अजून ओली आहे," तो मला हळूच म्हणाला.

पैसे खरंच आले. कबूल केलं तेवढे, वेळेवर. ते फक्त शाळेच्या फीलाच वापरता येणार होते आणि त्या वर्षीच. त्यात सरकारला नावं ठेवायला जागा नाही. वर्गातली बाकीची मुलं पाच-सहा शाळांत विखुरली. सकाळी गल्लीत वेगवेगळ्या रंगांच्या गाड्या येऊ लागल्या.

पहिल्या शाळेत मुलाखतीला दादा घेऊन गेला. तिथल्या बाईंनी मुलीला नाव विचारलं, दादाने सांगितलं. आवडता रंग विचारला, दादाने तोही सांगितला. बाई हसून म्हणाल्या, "अहो, प्रवेश तुम्हाला हवाय का?" दुसऱ्या शाळेत पालकांना बाहेरच बसवलं. रेडिओ आत फ्रॉकचा दोरा ओढत बसली आणि अर्धी शिवण उसवून बाहेर आली. तिसऱ्यांनी सांगितलं, हिला न बोलणाऱ्या मुलांच्या शाळेत घाला. तिथे गेलो तर त्यांनी तपासलं आणि म्हणाले, हिला ऐकू येतं, बोलता येतं, आमच्याकडे बसत नाही. मी त्यांच्याशी भांडले. जोरात भांडले. रेडिओ माझा पदर धरून उभी होती आणि दादा भिंतीवरच्या घड्याळाची काच बघत होता.

वहिनी हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात कामाला. तिथल्या बायका विचारायच्या, कोणती शाळा घेतली? ती म्हणायची, बघतोय. घरी येऊन मला म्हणाली, "पैसे नाहीत म्हटलं तर लोकांना कळतं गं. पैसे आहेत आणि शाळा नाही, हे कसं सांगायचं?" मोबाईलवर दर महिन्याला निरोप यायचा: आपला निधी अद्याप वापरलेला नाही. आधी मला त्याचा संताप यायचा. मग तोही येईनासा झाला. आमच्या घरात त्या वर्षी कुणी रडलं नाही. जेवलो, झोपलो, कामं केली.

वर्ष संपत आलं तेव्हा बंद पडलेल्या शाळेच्या इमारतीत नवी खाजगी शाळा उघडली. दारं-भिंती रंगवल्या, आणि खिडक्यांच्या काचांचं काम दादाकडे आलं. वर्ग तेच, खिडक्या त्याच, त्याला मापं घ्यायचीही गरज नव्हती. त्याने मुख्याध्यापिकेला मुलीबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, आणा की.

मी बरोबर गेले. वहिनीची ड्यूटी होती. बाहेरच्या व्हरांड्यात पालक मुलांना घेऊन बसले होते, प्रत्येकाच्या हातात टोकन. आमचा नंबर चौतीस. रेडिओ इकडेतिकडे बघत होती. मुलाखती चालल्या होत्या तो तिचाच वर्ग होता. मला कानात म्हणाली, "आत्या, शाळा सुरू झाली?" दाराबाहेर ती मला कानात काही बोलली, हीच पहिली वेळ.

शिपाई एकेक नंबर पुकारत होता. मुलं आत जात होती. "एकवीस," तो म्हणाला.

"हजर!"

अख्खा व्हरांडा वळून बघायला लागला. रेडिओ उभी राहिली होती. दप्तर नव्हतं, तरी खांद्यावरचा पट्टा सावरल्यासारखा हात केला आणि सरळ चालत वर्गात गेली. खिडकीकडची दुसरी ओळ, तिथे ती बसायची. आता तिथे एक गोल टेबल होतं. ती टेबलाशेजारी जमिनीवर बसली.

खऱ्या एकवीस नंबरची आई टोकन नाचवत आत घुसली. "आमचा नंबर आहे! आम्ही सकाळपासून बसलोय!" तिचं काय चुकलं? काहीच नाही. लोक हसले, वाईट मनाने नाही. शिपायाने रेडिओला हाताला धरून बाहेर आणलं, "बाळ, तुझा नंबर अजून यायचाय." ती माझ्या शेजारी बसली आणि चपलेकडे बघू लागली. मला कळलं की संपलं.

चौतीस पुकारल्यावर ती उठली नाही. आम्ही तिला उठवून आत नेलं. मॅडमनी गोड आवाजात नाव विचारलं. चित्रं दाखवली. चॉकलेट पुढे केलं. काही नाही.

तेव्हा दादा बोलला. इतकं सलग बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. "मॅडम, तुम्ही तिला नाव विचारू नका. एकपासून हजेरी घ्या. एकवीसला ती बोलेल. रोज एवढं केलंत, आणि तिच्याकडे बघितलं नाहीत, तर हळूहळू बाकीचंही बोलेल."

मॅडमना राग आला नाही. त्यांनी समजावून सांगितलं, "आमच्याकडे मुलांना नंबर नसतात. आमच्यासाठी प्रत्येक मूल वेगळं आहे. आम्ही त्याला नावानेच ओळखतो." मग कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, पुढच्या वर्षी पुन्हा बघू.

परत येताना मी म्हटलं, "दादा, तिथलं काम सोडून दे. त्यांच्या खिडक्या राहू देत उघड्या."

"काच कुणीतरी बसवणारच," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी गेला, आणि त्या वर्गातली उरलेली तावदानं बसवून आला.

रेडिओने चिमटे मांडायचं सोडलं. ते आता सकाळपासून दोरीवरच असतात, वहिनीला मागावे लागत नाहीत. माझ्या मशीनशी बसून ती रिळं रंगांप्रमाणे लावते, पुन्हा काढते. मीच काही विचारलं तर उत्तर देते, तेही थोडक्यात. घर इतकं शांत कधी नव्हतं. मला आवडत नाही.

वर्षाच्या शेवटी मोबाईलवर निरोप आला: मुदत संपल्याने निधी परत जमा करण्यात आला आहे. वहिनीने वाचून दाखवला. दादा मोरीत हातावरची पुट्टी घासून काढत होता. वहिनीने डबा पिशवीत घातला, चपला घातल्या.

आमच्याकडे पाठ करूनच, हात धुता धुता, दादा म्हणाला, "एकवीस."

रेडिओने रीळ खाली ठेवलं.

"असं नाही, बाबा," ती म्हणाली. "एकपासून घ्यायचं."

"एक," दादा म्हणाला. ती गप्प. "दोन." गप्प. "तीन." प्रत्येक नंबरानंतर तो थोडा थांबत होता, बाई थांबायच्या तसा. मशीनवरचा माझा पाय केव्हाच थांबला होता. वीस झाले.

"एकवीस."

"हजर."

दादाने वळून बघितलं नाही. "बावीस," तो म्हणाला. मग तेवीस. त्यांच्यापैकी कुणी ओ देणार नव्हतं. वहिनीला कामावर जायला उशीर होत होता, तरी चाळीस होईपर्यंत ती दारातच उभी राहिली.